वारा नाही, पाऊस नाही, मग ही लाट आली कुठून?

उधाणवारा

एप्रिलच्या शेवटी भावाकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलो होतो. सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर पोचलो. वाऱ्याचा पत्ता नाही, सुरूची काडी हलत नव्हती. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. आणि तरी लाटा फुटत होत्या त्या छातीएवढ्या. एक लाट फुटायची, मग इतकी शांतता की मागच्या झाडावरचे पक्षी ऐकू यावेत, आणि मग पुन्हा धडाम. आदल्या संध्याकाळी जिथे खुर्च्या मांडून आम्ही चहा प्यायलो, तिथवर पाणी येऊन गेलं होतं.

चहावाला म्हणाला, "वादळ येतंय बहुतेक." मोबाईलवर पाहिलं तर अरबी समुद्रात काहीच नव्हतं. ना चक्रीवादळ, ना साधा कमी दाबाचा पट्टा.

आयुष्यभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे हात शिवशिवले. घड्याळ लावून लाटा मोजल्या. दहा लाटांना १७० सेकंद, म्हणजे दोन लाटांमध्ये १७ सेकंद. रोजच्या वाऱ्याच्या लाटा चार-सहा सेकंदांनी येतात. १७ सेकंदांची लाट आपल्या आसपासचा वारा तयार करूच शकत नाही. ती पाहुणी आहे, आणि बरीच लांबची.

इंग्रजीत हिला स्वेल म्हणतात. मराठीत काय म्हणावं ते शेवटी विचारतो. आधी ती कशी बनते ते सांगतो.

शांत पाण्यावर वारा सुटला की आधी बारीक सुरकुत्या पडतात. वाऱ्याचे झोत मुळातच कमीजास्त दाबाचे असतात, त्याने पाणी जरा उंचसखल होतं. एकदा उंचवटा तयार झाला की वाऱ्याला पकड मिळते आणि उंचवटा वाढत जातो. या दोन पायऱ्यांची गणितं ओवेन फिलिप्स आणि जॉन माइल्स या दोघांनी वेगवेगळी मांडली, दोन्ही १९५७ सालची. मग लहान लाटा आपापसांत भिडतात आणि त्यांची ऊर्जा हळूहळू लांब लाटांकडे सरकते. किती मोठी लाट तयार होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. तिसरी गोष्ट आपण विसरतो. तलावावर कितीही तुफान वारा सुटला तरी तिथे १७ सेकंदांची लाट येणार नाही, कारण तलाव संपतो.

पृथ्वीवर न संपणारं पाणी एकाच ठिकाणी आहे: अंटार्क्टिकाभोवती. दक्षिण अक्षांश ४० ते ६० या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तिथे एकामागून एक वादळं पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असतात. आणि हिंदी महासागर दक्षिणेला सताड उघडा आहे.

खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या काळावर, म्हणजे दोन लाटांमधल्या सेकंदांवर, ठरतो. सेकंदांना १.५६ ने गुणा, मीटर दर सेकंद मिळतात. माझी १७ सेकंदांची लाट ताशी ९५ किलोमीटरने धावत होती, आणि खोल समुद्रात तिच्या दोन शिखरांमधलं अंतर ४५० मीटर होतं. पण लाटांचा जथा, म्हणजे खरी ऊर्जा, त्याच्या निम्म्याच वेगाने चालतो. सोपा हिशोब: सेकंद गुणिले २.८, की ताशी किलोमीटर. १७ ला साधारण ४८.

म्हणजे लांब काळाची लाट पुढे, आखूड काळाची मागे. वादळातून सगळ्या एकदम निघतात, सगळा गोंधळ असतो. पण वाटेत आपोआप निवड होत जाते. शाळेच्या शर्यतीत सुरुवातीला सगळी पोरं एका गठ्ठ्यात आणि दोन फेऱ्यांनंतर ओळ लागलेली, तसं. म्हणून किनाऱ्यावर पोचते ती इतकी नीटनेटकी असते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजलं. १५ सेकंद. म्हणजे मागची पोरं आता पोचत होती. पहिली आणि दुसरी यांच्यात २४ तासांचं अंतर पडायला किती लांबून निघाली असतील? उत्तर आलं साधारण ८,६०० किलोमीटर, प्रवास साडेसात दिवस. नकाशावर दोरा धरला तर दक्षिण आफ्रिकेच्या खाली, आग्नेयेला, पन्नास अक्षांशाच्या आसपास जातो. आठ दिवसांपूर्वीचा वाऱ्याचा नकाशा उघडला. तिथे वादळ होतं.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं. आंबे किती पेट्या घेऊन जातोस?"

चिंचगूळ

वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मी दिवेआगरला पाय भिजवत उभी होते ते आफ्रिकेखालचं पाणी होतं? (हसू नका.)

उधाणवारा

हसत नाही, पण पाणी दिवेआगरचंच. प्रवास करते ती लाट, पाणी नाही. लाटेवर नारळ सोडा: तो वर जातो, थोडा पुढे, खाली, थोडा मागे, आणि जवळपास होता तिथेच येतो. पाण्याचा कण गोल फिरतो. खोल जावं तसं हे गोल लहान होत जातात आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर संपतात. त्यामुळे ४५० मीटर लांब लाट सव्वादोनशे मीटरवरच तळाला पाय लावायला लागते. रोजची पाच सेकंदांची लाट वीस मीटरला.

गॅलरीतून

गोष्ट छान रंगवलीय, पण पटत नाही. आठ-नऊ हजार किलोमीटर? घर्षण नावाचा प्रकार असतो. तलावात दगड टाकला तर पलीकडच्या काठाला तरंग धड पोचत नाही. पुरावा आहे का, की दोरा धरला आणि वादळ सापडलं? त्या पट्ट्यात कधीही दोरा धरा, वादळ सापडणारच!

उधाणवारा

शेवटचं वाक्य मान्य, तिथे वादळाचा दुष्काळ नसतो.

पण पुरावा आहे, आणि फार मजेशीर आहे. १९६३ साली वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिकच्या आरपार मोजणी केंद्रांची रांग लावली: न्यूझीलंड, सामोआ, पामायरा नावाचं निर्मनुष्य प्रवाळबेट, हवाई, आणि वरती अलास्कात याकुटाट. हवाई आणि अलास्का यांच्या मध्ये बेट मिळेना, म्हणून तिथे फ्लिप हे जहाज नेलं. हे १०८ मीटर लांबीचं जहाज पाणी भरून चक्क उभं राहायचं, शेपूट खाली, तोंड वर, म्हणजे लाटांनी हलत नसे. मंक स्वतः कुटुंबासकट सामोआत बसले. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा त्यांनी एकेका केंद्रावरून जाताना टिपल्या, थेट अलास्कापर्यंत.

निष्कर्ष असा, की लांब लाटा वादळाच्या परिसरातून बाहेर पडल्या की त्यांची ऊर्जा जवळजवळ घटत नाही. जी झीज होते ती वादळाच्या आसपासच. पुढे उंची कमी होते ती मुख्यतः पसरल्यामुळे, घर्षणामुळे नाही. तुमच्या दगडाचे तरंग बारीक असतात, आणि पाण्याचा चिकटपणा बारीक लाटेलाच लवकर मारतो. ५०० मीटरच्या लाटेला तो जाणवतही नाही.

हेच मंक दुसऱ्या महायुद्धात हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्याबरोबर किनाऱ्यावरच्या लाटांचा अंदाज बांधायची पद्धत तयार करत होते. नॉर्मंडीला सैन्य उतरवताना ती वापरली गेली. २०१९ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी गेले.

दशांशचिन्ह

लेख आवडला, पण ८,६०० हा आकडा इतक्या आत्मविश्वासाने देऊ नका. दुसऱ्या दिवशीचे १५ सेकंद जर खरे साडेचौदा असतील तर अंतर ६,६०० येतं. साडेपंधरा असतील तर जवळपास १२,०००. वेंगुर्ल्याहून १२,००० किलोमीटर सरळ दक्षिणेला गेलात तर दक्षिण ध्रुव ओलांडून पलीकडे उतराल. तिथे लाटा नाहीत, पेंग्विनही नाहीत.

शिवाय वादळ म्हणजे एक टिंब नव्हे. ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि पुढे सरकत असतं.

उधाणवारा

साष्टांग दंडवत. दहा लाटांऐवजी पन्नास मोजायला हव्या होत्या. दर सहा तासांनी मोजल्या असत्या तर आणखी बरं. पण भावाच्या घरी नाश्त्याची वेळ ठरलेली असते.

इंजिनरूम

वीस वर्षं बोटीवर काढली, तेव्हा माझे दोन पैसे.

आफ्रिकेच्या टोकाच्या केपहून वर येताना कित्येकदा असं झालंय की आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि जहाज मात्र पाळण्यासारखं डोलतंय. नवीन पोरगा विचारतो, "सर, वारा तर नाही?" लाट जहाजाच्या बाजूवर आडवी आली आणि तिचा काळ जहाजाच्या स्वतःच्या डोलण्याच्या काळाशी जुळला, की दोन मीटरची लाटसुद्धा स्वयंपाकघरातली भांडी जमिनीवर आणते. उंची विचारू नका, काळ विचारा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळतं.

दुसरं: रेडिओ नव्हता तेव्हा चक्रीवादळाची पहिली वर्दी हीच लाट द्यायची. चक्रीवादळ स्वतः ताशी पंधरा-वीस किलोमीटरने सरकतं. त्याची १२ सेकंदांची लाट ताशी ३४ ने पळते. म्हणजे ढग दिसायच्या दीड-दोन दिवस आधी लाट दारात. ती कुठून येते ते बघून वादळाची दिशा ताडायची. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ भर समुद्रातून ओमानकडे निघून गेलं, किनाऱ्याला शिवलं नाही. पण देवगड-मालवणला समुद्र कसा उसळला होता ते तिथल्यांना विचारा.

बांगडो

आमचो आजो रापणीक जाय. तेका सेकंद-बिकंद कायएक ठाऊक नाय. पण तो म्हणायचो, "वारो नाय आणि दर्यो फुगता, म्हणजे खंयतरी मोठा कायतरी झाला." आम्ही पोरा हसायचो. आता तुमचो लेख वाचून आज्याक नमस्कार केलंय.

एक विचारूचा होता. मोठी लाट एकटी येणा नाय. तीन-चार येतत, मगे थोडो वेळ गप. होडी पाण्यात ढकलूची तर त्या गप वेळेत. ह्या कशामुळे?

उधाणवारा

तुमच्या आज्याला माझाही नमस्कार.

तुम्ही विचारलेलं फार महत्त्वाचं आहे. पोचणाऱ्या लाटा अगदी एकाच काळाच्या नसतात. १७ च्या जोडीला १६.५ असते, १७.४ असते. त्या एकमेकींवर पडतात. जिथे शिखरावर शिखर येतं तिथे मोठ्या लाटांचा घोळका, जिथे शिखरावर खळगा येतो तिथे शांतता. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज कसा लहानमोठा होत राहतो, तेच. "दर सातवी लाट मोठी" म्हणतात त्याचं मूळ हेच. सातच असं काही नाही, कधी पाच, कधी बारा.

जथ्याचा वेग निम्मा का, हेही इथेच कळतं. जथ्याच्या मागच्या टोकाला लाट जन्मते, दुप्पट वेगाने जथ्यातून पुढे जाते, आणि पुढच्या टोकाला विरून जाते. दिंडी आपल्या चालीने चाललेली असते आणि मागची पोरं पळत पुढे येतात ना? फरक इतकाच की इथे पुढे आलेलं पोर गायब होतं आणि मागे नवं उगवतं.

चिंचगूळ

"पुढे आलेलं पोर गायब होतं" हे वाचून दचकले. उदाहरण बदला हो काका.

कोची_मुक्काम

केरळात या प्रकाराला नावच आहे: कळ्ळक्कडल. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. चोरासारखा न सांगता घरात शिरणारा समुद्र. मच्छीमारांचा हा शब्द २०१२ मध्ये युनेस्कोनेही स्वीकारला, आता शास्त्रज्ञ तोच वापरतात.

इथे आम्ही तो दर उन्हाळ्यात बघतो. आकाश स्वच्छ, पाऊस नाही, आणि पाणी रस्त्यावर. कारण दुहेरी आहे. एक तर लाट उंच होऊन फुटते. शिवाय लांब लाटांच्या सततच्या माऱ्याने किनाऱ्यालगतची पाण्याची पातळीच चढते. त्यात भरतीची वेळ साधली की संपलं. मे २०२४ मध्ये इशारा दिलेला असताना कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर वैद्यकीय महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी ओढले गेले. दिवस अगदी छान होता.

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, आता आधी इशारा देतं. २०२० पासून त्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. लाट निघाल्यावर पोचायला आठवडा लागतो, म्हणजे सांगायला वेळ भरपूर असतो. सांगितलेलं ऐकायला माणसं किनाऱ्यावर थांबत नाहीत, हा वेगळा प्रश्न.

गॅलरीतून

हे त्सुनामीपेक्षा वेगळं कसं? तीही लांबूनच येते.

दशांशचिन्ह

काळ बघा. स्वेलचा फार तर वीस-पंचवीस सेकंद, त्सुनामीचा दहा मिनिटं ते तासभर. त्सुनामी इतकी लांब असते की चार किलोमीटर खोल महासागरही तिला उथळच. तिचा वेग खोलीवर ठरतो, तिथे ताशी ७०० किलोमीटर. आणि ती तळापासून वरपर्यंत सगळं पाणी हलवते. एकीला जन्म देतो वारा, दुसरीला बहुतेक वेळा भूकंप. भरती-ओहोटी तिसरीच, ती चंद्रसूर्याची. आपल्याकडे बातमीत तिन्हींना "समुद्र खवळला" म्हणतात.

मांडवीकाठ

गोव्याहून थोडी भर. आपल्या किनाऱ्यावर फक्त दक्षिणेचेच पाहुणे येत नाहीत. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे वायव्येचे वारे सुटतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून गुजरात, रत्नागिरी, गोव्यापर्यंत येतात. इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्या मोजल्यात. त्यांचा काळ दक्षिणेच्या लाटांहून कमी, कारण तिकडे वाऱ्याला मोकळं पाणीही कमी.

आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर बघा. खाली नैऋत्येची लांब संथ लाट, तिच्या पाठीवर दुपारच्या समुद्री वाऱ्याने उठवलेल्या तीन-चार सेकंदांच्या वायव्येच्या लाटा. रात्री वारा पडतो, वरचं सगळं पुसलं जातं, सकाळी उरते ती लांबवाली. उधाणवारांनी साडेसहाला मोजलं म्हणून जमलं. संध्याकाळी पाचला मोजायला गेले असते तर डोकं धरून परतले असते.

उधाणवारा

अगदी बरोबर, आणि यात एक गंमत आहे. दक्षिणेतली सगळ्यात जोरदार वादळं तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून ते सप्टेंबरमध्ये होतात. तेव्हाही लाटा येतच असतात. पण आपल्याकडे मोसमी वाऱ्यांनी समुद्राचं इतकं रणकंदन केलेलं असतं की पाहुणा ओळखूच येत नाही. एप्रिल-मे म्हणजे तिकडे जोर चढायला लागलेला आणि इकडे अजून शांत. आणि नेमकी तीच आपली सुट्टी. जूनमध्ये समुद्र बघून कोणी पाण्यात जात नाही. मे महिन्यात वारा नाही म्हणून पोरांना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, गप वेळेत. मग घोळका येतो, तीन-चार मोठ्या लाटा पाठोपाठ, वर चढलेलं पाणी एखाद्या वाटेने जोरात परत समुद्राकडे ओढलं जातं, आणि ती वाट वरून शांत दिसते म्हणून लोक नेमके तिथे असतात. बांगडो यांचे आजोबा जी वेळ होडी ढकलायला वापरत, तीच वेळ नवख्याला फसवते.

मे २००७ मध्ये अशाच एका दक्षिणेच्या वादळाच्या लाटांनी आधी रियुनियन बेट झोडपलं, मग काही दिवसांत मालदीवमधल्या वस्त्यांत पाणी शिरलं, आणि तीच लाट इंडोनेशियापर्यंत पोचली. मालदीवला तेव्हा वादळ नव्हतंच.

चिंचगूळ

मुंबईत एवढं जाणवत नाही ते का? गिरगाव चौपाटीवर मी अशी लाट कधी पाहिली नाही.

मांडवीकाठ

एक तर चौपाटी आत वळलेल्या खाडीत आहे. दुसरं, शाळेत समुद्रबूड जमीन शिकलो ना, ती मुंबईसमोर तीनशे किलोमीटरहून जास्त रुंद आहे, दक्षिणेकडे अरुंद होत जाते. लांब लाटेला लवकर तळ लागतो असं वर आलंय. मुंबईकडे येणारी लाट फार आधीपासून तळ घासत येते आणि शक्ती घालवते. केरळात ती जवळजवळ ताजीच पोचते. आपला तळकोकण मधे.

तळ लागला की लाट मंदावते, लांबी आखडते, उंची वाढते, आणि ती वळते. जिथे उथळ तिथे हळू, खोल तिथे जलद, म्हणून लाट किनाऱ्याला समांतर होत जाते. भूशिराच्या टोकावर ऊर्जा गोळा होते, खाडीत पसरते. बदलत नाही तो फक्त काळ. म्हणून तर वाळूत उभं राहून मोजलेले १७ सेकंद आफ्रिकेखालचे १७ सेकंद असतात.

इंजिनरूम

या वळण्यावरून आठवलं. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरचे नावाडी काड्यांचे नकाशे करत. नारळाच्या झावळीचे हीर बांधून लाटा बेटाभोवती कशा वळतात ते दाखवायचं, शंख-शिंपले म्हणजे बेटं. नकाशा घरीच पाठ करायचा. समुद्रात गेल्यावर होडीच्या तळाशी आडवं पडून अंगाला कोणती लाट लागते त्यावरून बेट ओळखायचं. आमच्याकडे जीपीएस बंद पडला की कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

उधाणवारा

आता राहिलेला प्रश्न: मराठीत काय म्हणायचं? बातम्यांत "उंच लाटांचा इशारा" असतो, पण सगळी गंमत उंचीत नाही, लांबीत आहे.

दशांशचिन्ह

स्वेलच म्हणा. बस, टेबल, स्वेल.

चिंचगूळ

पाहुणी लाट. तुम्हीच वर म्हणालात.

बांगडो

आमच्याकडे नाव नाय, "दर्यो फुगलो" इतक्याच. पण काल सकाळी देवबागच्या वेळेर, म्हणजे किनाऱ्यार, बसान मोजलंय. पन्नास लाटो, सातशे पाच सेकंद. दशांशचिन्हवाल्यांनी तपासून घेवचे. वारो नाय, पाणी गुळगुळीत. बायल म्हणता, खुळो झालो.

दशांशचिन्ह

१४.१. पन्नास मोजल्यात म्हणून मान्य. उद्या त्याच वेळी पुन्हा मोजा, अंतर मी काढून देतो.

बांगडो

उद्या बाजार आसा. परवा चलात?